सरसाने बुजवलेली जखम

४ तारीख, मंगळवार

पाय शिवशिवायला लागलेत! परवाची बस पकडायची. कुठली, ते बसल्यावर बघू. ताई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. दाजी म्हणतात, भिंगरी निदान जागच्या जागी फिरते.

दाजी म्हणजे ताईचा नवरा, सुतार. घराच्या पुढच्या खोलीतच कारखाना. आज जुनी चौकट उकलताना उजव्या तळहातात गंजका खिळा घुसला. यांनी काय करावं? हात फडक्याला पुसला, लाकूड चिकटवायच्या सरसात भुसा कालवला आणि भोक बुजवलं! धंद्यातले सगळे असंच करतात म्हणे. लाकूड काय नि कातडं काय, फट ती फट. ताई दवाखान्यात जा म्हणाली, तर चौकट उभी राहिली की जातो म्हणाले.

५, बुधवार

हात सुजला. दाजींना हुडहुडी भरून ताप. पलंग हलत होता. सरस मात्र जरासुद्धा सुटला नाही — पक्कं काम. ताईने तापाची गोळी दिली. मी बॅग भरली. मग सगळी उपसली, कारण बॅटरी तळाशी गेली होती. परत भरली.

६, गुरुवार

सकाळी ताप उतरला! ताईचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, जा आता तू, बस चुकवू नकोस.

बॅग खांद्याला लावूनच निरोप घ्यायला गेलो. दाजी चादरीची कड वितीने मापत होते. मापली, विसरले, परत मापली. परत! हा माणूस एकदाच मापतो. दुसऱ्यांदा टेप काढणाऱ्याची टर उडवतो. हात धरला तर गारठलेला. आणि ताप उतरला तर पडल्या पडल्या धापा कसल्या? ताईला विचारलं, लघवीला कधी गेले? तिला सांगता येईना. काल कधीतरी.

"उठा दाजी, दवाखान्यात जायचंय."

"माप होऊ दे," म्हणाले.

बॅग तिथेच टाकली. शेजाऱ्याची गाडी घेतली.

६, संध्याकाळ

नर्सने रक्तदाब घेतला, परत घेतला आणि कुणाला तरी हाक मारली. खोली एकदम माणसांनी भरली. तपासायला रक्त काढलं, लगेच शिरेतून अँटिबायोटिक, सलाइन जोरात. रिपोर्टची वाट कुणी बघितली नाही. डॉक्टरीणबाईंनी सरसाचं झाकण उचकटलं. खाली नुसता पू. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. त्याचा सेकंदकाटा अडखळतो.

सेप्सिस म्हणाल्या. ताईने विचारलं, रक्तात विष भिनलं का? तर बाई म्हणाल्या, जंतू हातात शिरले खरे, पण आता त्यांना मारायच्या नादात शरीर स्वतःच्याच किडनीला, फुप्फुसांना झोडपत सुटलंय.

"पण ताप तर उतरला होता ना," ताई पुटपुटली.

"उतरला नाही. अंग गार पडत होतं."

बरळणं, धाप, लघवी बंद — यातलं काही दिसलं की तडक यायचं, म्हणाल्या. उद्या आला असतात तर... ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं.

७, शुक्रवार

आयसीयू. श्वास मशीन देतंय. रक्तदाब वर धरायला वेगळं औषध. काचेतून दिसले — उजवी बोटं काळपट. बाहेर कॉरिडॉर. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकाला. भिंगरीच. जागच्या जागी.

बस कुठे जाणार होती कुणास ठाऊक.

९, रविवार

लघवी झाली! नर्स पिशवी दाखवायला स्वतः बाहेर आली. ताई त्या पिशवीकडे बघून रडली, मग स्वतःच हसली — यांना सांगू नकोस हं, म्हणाली.

१२, बुधवार

नळी काढली. घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न : चौकट कुणी उभी केली? कुणीच नाही, म्हटलं. बोटांचं बाई उद्या बोलणार आहेत.

पुढच्या महिन्याची १५, सोमवार

दाजींच्या कारखान्यात फळी तासताना पटाशी निसटली, माझा अंगठा चिरला. हात आपोआप सरसाच्या भांड्याकडे गेला. पण भांडं दाजींनी आधीच उचललं होतं — डाव्या हाताने. उजव्यावर आता एकटा अंगठा आहे.

"आधी साबण," म्हणाले. "मग ती फळी परत माप. दोनदा."