कुंपणाअलीकडे थांबणारी गोळी

बाबा, आज बंदुकांच्या दुकानात गोळ्यांच्या कपाटासमोर तासभर उभा होतो. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, कायोटीचं, म्हणजे इथल्या कोल्ह्याचं, कातडं हवंय की नुसता बंदोबस्त? कातडं राखायचं असेल तर वेगळी गोळी, नसेल तर वेगळी. तुम्ही पाठ करून घेतलं होतं तेच सांगितलं: हलकी, वेगवान, आत शिरताच फुटणारी, आरपार न जाणारी. फ्रिस्को शहराच्या उत्तरेला ही दहा एकर जमीन घेतलीत तेव्हा मागे नुसतं गवत होतं. आता कुंपणाला लागून लोकांची घरं आहेत. मी एकदा टणक गोळी भरली तेव्हा केवढे कडाडला होतात! "गाढवा, जनावराच्या मागे काय आहे ते आधी बघ!" आणि जन्मभर पेशंटना भूल दिलेली, म्हणून तुमचा दुसरा नियम: त्याला कळायच्या आत संपलं पाहिजे.

पण या वेळी गोळी कोणासाठी घ्यायची, हे तुम्हाला कसं सांगू? तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. दहाव्याला पिंड मागच्या कट्ट्यावर ठेवला, कावळा फिरकेना. न्यू जर्सीहून आलेले काका हात जोडून एकेक कबूल करत होते, वहिनीला सांभाळू, जमीन विकणार नाही. कसला येतोय कावळा! भर दुपारी कुंपणाखालून एक कायोटी आला. शांतपणे सगळा भात खाल्ला आणि आईकडे बघत उभा राहिला. काका पुटपुटले, "शिवला म्हणायचं का हे?" कोणी हसलं नाही. आई पुढे झाली आणि म्हणाली, "अहो, सावकाश. ठसका लागेल."

तेव्हापासून तो रोज दुपारी येतो. तोच. डाव्या कानाला तीच खाच. इतकी वर्षं हे जनावर रानात जगत नाही, मी शोधून पाहिलं. आईला सांगितलं तर म्हणते, "मग?" नुसतं "मग?", आणि दहीभात कालवायला घेते. अंगावर काटा येतो बाबा, आणि संतापही येतो. गेल्या आठवड्यात त्याने चावून तिची बोटं फोडली. रेबीजची इंजेक्शनं सुरू आहेत, आणि ही बाई आधी डॉक्टरला सांगत होती, बोटं दारात सापडली म्हणून! तुमची नात फोनवर ओरडली, "डॅड, जस्ट शूट इट!" खरं आहे तिचं. उद्या त्याने आईचा गळा धरला तर?

म्हणून घरी येऊन रायफल काढली. तो पायरीपासून दहा पावलांवर बसला होता. मागे मातीचा चढ, घर नाही, माणूस नाही. तुम्ही शिकवलंत तसं सगळं बघितलं. तो हलला नाही. मी नीट करतोय ना, हे तपासत असल्यासारखा बघत राहिला. गोळी भरायला गेलो तर आत बसेना. दारातून आई म्हणाली, "नाही ना बसत?" मी म्हटलं, दुकानदाराने चुकीच्या मापाची पेटी दिली. ती ताटली घेऊन माझ्यासमोरून पायऱ्या उतरली.

दुकानदाराची चूक नव्हती बाबा. पेटीवरचं चुकीचं माप मी दोनदा वाचलं आणि मगच ती घेतली. तिला काही झालं तर ते माझ्या माथी. हे पत्र फाडून टाकणार आहे, पाठवायचं तरी कुठे? खिडकीतून दिसतंय, भात संपलाय, आई आत आलीये, आणि तुम्ही अजून उठला नाहीत.