तिसरी तार

६ ऑक्टोबर, नारिन

पोचलो एकदाचा. डोंगरातलं घर सोडून पोराच्या चौथ्या मजल्यावर. पोरगा कामाला मॉस्कोत. इथे सून कान्यशाय आणि तेहेतीस दिवसांची नात. सुनेनं गरम बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून पुढे ठेवले. म्हणाली, तेरा तारखेला, चाळिसाव्या दिवशी, बायका जमून पोरीला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालतील. खिडकीतून नदी दिसते. खिडकीखाली खोली उबवणारा लोखंडी रेडिएटर, नळीतून गरम पाणी येतं. वर्गात जन्मभर शिकवलेल्या कविता आज आपोआप ओठांवर आल्या.

७ ऑक्टोबर

न्हाणीघरात पोरानं पाठवलेलं कपडे धुण्याचं मशीन आहे. तिथे प्लग नाही, म्हणून खोलीतून जुनी एक्स्टेन्शन वायर ओढली आहे. ओला हात मशीनला टेकला, तर बोटांत बारीक झिणझिण्या. शाळेच्या दारात डबा देताना माझ्या बायकोची, बुरुलची, बोटं लागायची, तेव्हा असंच व्हायचं. तिला जाऊन बारा वर्षं झाली. खोटं कशाला लिहू, हात पुन्हा ठेवला. तीनदा.

९ ऑक्टोबर

शेजारचा असनगुल पूर्वी वीजघरात होता. त्याला सांगितलं, तर पोट धरून हसला. "मास्तर, ती वहिनी नाही, वीज आहे. आणि तुम्ही तीनदा भेटायला गेलात?"

मग हसू आवरून त्यानं समजावलं. मशीनमधली चुकार वीज जमिनीत सोडायला तिसरी तार लागते. आमच्या वायरीत दोनच. मग ती वीज पत्र्यात बसून राहते, ओल्या हाताची वाट बघत.

लगेच त्यानं मशीनच्या पाठीला एक तार बांधून ती लोखंडी नळीला गुंडाळली. सगळी इमारत असंच करते म्हणे. झिणझिण्या गेल्या. जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

११ ऑक्टोबर

खालची म्हातारी सैरा आली. भांडी घासताना तिला नळानं धरलं; झटक्यानं भिंतीवर आपटली. कोपर काळंनिळं. असनगुल तळघरात जाऊन आला, तो हसत नव्हता. तळाशी कुणीतरी गंजकी नळी कापून प्लास्टिकची बसवली आहे. म्हणजे आमची तार जमिनीपर्यंत पोचतच नाही. घराघरातली वीज त्या लोखंडात सोडलेली. आणि ते लोखंड प्रत्येक खोलीतून जातं.

१२ ऑक्टोबर

आमची तार सोडवली. मशीन बंद. तरी नळ चावतो. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी — असनगुल दारोदार फिरला. सहा घरांतल्या तारा सोडवल्या. सातव्या दाराला कुलूप. आत मशीन फिरतंय. वीज तोडणारा माणूस उद्या संध्याकाळी येणार.

सुनेला म्हटलं, उद्याचं पुढे ढकल.

"बाबा, एकेचाळिसावा दिवस चाळिसावा होत नाही. नळाजवळ नाही नेणार तिला, मग तर झालं?"

१३, दुपार

बायका मधल्या खोलीत. वारा नको म्हणून दाराला आतून कडी. मी बाहेर, वही मांडीवर. चमचे मोजताहेत. नऊ. दहा. नळ लांब आहे, बरं आहे.

एकवीस.

विहीणबाई म्हणाल्या, पोर कुडकुडतंय, टब उबेला सरकवा. पत्र्याचा टब. फरशीवर घासल्याचा आवाज —

उबेला म्हणजे — रेडिएटर — तीच नळी —

हाक मारली. हसताहेत. ऐकू जात नाही — दार ठोकतोय, एका हातानं —

सव्वीस

कान्यशाय, पाण्यातून हात काढ, हात

आतलं मोजणं थांबलं —