आरोहीची ओळ

तळा, सोमवार

तीर्थरूप आईस,
तुझ्या मृणालीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहितेय. ठमाकाकू रात्री सोबतीला येतात ना? बाबा गेल्यापासून वाडीतल्या सुपाऱ्या कोण वेचतं?

परवा चौथीच्या मुलांना कविता करायला शिकवत होते. सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, "घरातला एक आवाज आठवा आणि त्याची एक ओळ करा." शुभम म्हणाला, "आमची म्हैस बापाला नावानं हाक मारते." मुलं खूप हसली.

मग आरोही उभी राहिली. तिचे आजोबा गणपतीनंतर वारले, तेव्हापासून ती वर्गात बोललीच नव्हती. हळूच म्हणाली, "आता आमच्या घरात कोन खोकत न्हाय."

मला ती ओळ फळ्यावर लिहायची होती. खडू हातात घेतला आणि मुलांकडे पाठ करून नुसती उभी राहिले. मागून तिनेच विचारलं, "बाई, माझी ओळ चुकली काय?"

"नाही गं," म्हटलं आणि तिला जवळ घेऊन सगळ्यांसमोर रडले. बाबांच्या दिवसांत तुला सावरायचं म्हणून मी रडलेच नव्हते, आई. आरोहीच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शनिवारी शाळा सुटली की चौलला येते. दारात माझ्यासाठी हसून उभी राहू नकोस. आपण दोघी आधी पोटभर रडून घेऊ, मग चहा टाकू.

तुझीच,
मृणाली