पक्षी समाधानी आहेत

३ जानेवारी, सकाळी ६.१०

नवी वही. रोज लिहायचं, खरं लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. मोठ्या कामाची नोंद असावी लागते.

पिल्लं आज येतायत. बाबांच्या कंबरेने राजीनामा दिला, तेव्हा पोल्ट्री आता कुणी बघायची हा प्रश्न. थोरला मी. तीन दिवसांचं ट्रेनिंग माझं. सर्टिफिकेट माझं, तेही फ्रेम केलेलं. पण बाबा सरळ मार्गाने जातील तर ते बाबा कसले! म्हणाले, एक बॅच तू कर, एक धाकटी करेल. एकाच दिवसाची पिल्लं, एकच खाद्य. ज्याचे पक्षी चांगले होतील त्याच्या हातात दोन्ही शेड.

धाकटी म्हणजे माझी बहीण. हिला सायकल मी शिकवली.

तिला जुनी उघडी शेड. दोन्ही बाजूंना जाळी, जाळीला पडदे, वारा येईल तसा येऊ द्यायचा. मला नवी बंद शेड. चारी बाजूंनी भिंती, पाच मोठे फॅन, भिंतीत हवेच्या झडपा, सगळ्यावर देखरेख करणारा कंट्रोलर. ही शेड मी दोन वर्षं बाबांचं डोकं खाऊन बांधून घेतली. स्पर्धा कसली? मला तर तिची कीव येते.

माप दोन्ही शेडचं सारखं. तिने दोन हजार पिल्लं मागवली, मी साडेतीन हजार. बंद शेडमध्ये दाटी चालते असं ट्रेनिंगमध्ये स्वच्छ सांगितलं होतं. फॅन चालू असतील तर, असंही काहीतरी होतं.

५ जानेवारी

पिल्लं झकास. सगळी कोपऱ्यात गोळा होऊन एकमेकांच्या अंगावर चढून बसतात. काय ती एकी! जाता जाता धाकटीच्या शेडमध्ये डोकावलो. तिची इकडेतिकडे विखुरलेली. कुणी खातंय, कुणी झोपलंय. शिस्त म्हणून नाही.

बाबा आले आणि म्हणाले, गारठलीत रे ती. मी कंट्रोलरवरचा आकडा दाखवला, बत्तीस डिग्री. आकड्यापुढे माणूस काय बोलणार? तापमानाचा सेन्सर मी मुद्दाम माझ्या डोळ्यांच्या उंचीला टांगलाय, ऊठसूट वाकायला नको. बाबा मात्र कंबर धरून वाकले आणि जमिनीला हात लावून बघितला. जुनी माणसं, यंत्रावर विश्वास नाही.

मरतूक ४१. बहुतेक ढिगाच्या तळाशी सापडली.

६ जानेवारी

मरतूक १०९. धाकटीकडे सहा. पिल्लं देणाऱ्या हॅचरीवाल्याने निवडून निवडून रडका माल माझ्या पदरात टाकलाय. त्याचे कान कुणी भरले ते मला ठाऊक आहे.

९ जानेवारी, दुपार

बाबांनी परस्पर जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, सेन्सर पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आणा. साडेतीन हजार पक्ष्यांपैकी एकालाही आकडे वाचता येत नाहीत हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं.

सेन्सर उतरवला नाही. पण थंडीचं म्हणणं विचारात घेतलं. माझी पद्धत साधी आहे, ऊब म्हणजे वाढ. पिल्लांना ऊब देणारे गॅसचे ब्रूडर फुल्ल, फॅन बंद, झडपा बंद, फटींत गोणपाट. शिवाय फॅनच्या आवाजाने पिल्लं दचकतात. संकल्प: बॅच निघेपर्यंत बाहेरची थंड हवा आत येऊ द्यायची नाही.

डॉक्टर जाताना म्हणाले की शेड उत्तम आहे, उघड्या शेडपेक्षा कधीही सरस. पुढे चालवणाऱ्याबद्दल काहीतरी म्हणाले. मुख्य मुद्दा तेवढा इथे उतरवला.

१७ जानेवारी

ही आज ड्रिंकर, म्हणजे पक्ष्यांची पाण्याची भांडी, धुवायला आत आली. दोन मिनिटांत डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी हात धरून म्हटलं, अगं रडतेस काय, यश अजून यायचंय. हात सोडवून बाहेर पळाली. लग्नाला अकरा वर्षं झाली, बायको इतकी भावनाप्रधान आहे हे आज कळलं.

रात्री एवढंच म्हणाली, अहो, आत वास मारतोय, श्वास घेववत नाही. मला तर कसलाच वास येत नाही. दिवसभर आत मी असतो, आला असता तर आधी मलाच आला असता.

२३ जानेवारी

वजनं. धाकटीचे सरासरी आठशे साठ ग्रॅम, माझे सहाशे नव्वद.

कारण उघड आहे. मी पकडायला सोपे होते ते पन्नास पक्षी काट्यावर ठेवले. जे पळतात ते वजनदार असणार, ते हाती लागतच नाहीत. धाकटी म्हणाली, दादा, तुझ्याकडे पळणारा एक तरी दाखव. जीभ फार सुटलीय तिची.

तिचा दिवस बघवत नाही. पहाटे दाताळं घेऊन खाली अंथरलेलं तूस हलवते, ओलं तेवढं काढून कोरडं टाकते. मग वारा बघून पडदे वर, ऊन बघून पडदे खाली. याला सिस्टीम म्हणत नाहीत, कवायत म्हणतात. मी एकदा बटण बंद केलं ते केलं.

३० जानेवारी

पक्षी समाधानी आहेत. सकाळपासून बसून असतात. बूट अंगाला लागला तरी उठत नाहीत. दुपारी चोची उघड्या ठेवून धापा टाकतात. खाऊन दम लागत असेल, पण खाद्य तर उरतंय.

धाकटी न विचारता आत शिरली. एक पक्षी उचलून उलटा केला. तळपाय काळे पडलेले, चिरलेले. छातीची पिसं झडून कातडी लाल. खालचं तूस चिखलासारखं थापलं गेलं होतं, हे मला मान्य आहे, तूस हलकं आलंय यंदा. म्हणाली, दादा, हे बसलेत कारण यांना उभं राहता येत नाही. मी म्हटलं, तू तुझे पडदे सांभाळ.

मग म्हणाली, एक मिनिट खाली बस. ते राहतात तिथे बस. तिचे डोळे लाल झाले होते, आवाज कापत होता. हार दिसायला लागली की माणसाचं असं होतं.

बसलो नाही. माझे गुडघे धरतात.

आजपासून मरतूक लिहिणं बंद. उगाच मनोबल खचतं.

३ फेब्रुवारी, दुपारी २.४०

टोपी पडली म्हणून वाकलो. आसपास कुणी नव्हतं. म्हटलं, एवढं सगळे म्हणतायत तर बसून बघू.

मिनिटभरही झालं नसेल. डोळ्यांत कुणी चुना घातल्यासारखं झालं. घसा आवळला. धडपडत दाराबाहेर आलो आणि ओकलो. दुपारचं जेवण जड झालं होतं.

पाचही फॅन लावले. गोणपाटं उपसून काढली. केवळ प्रयोग म्हणून. वारा आत आला तसे दहा-बारा पक्षी उठून लंगडत पाण्यापर्यंत गेले. बाकीच्यांनी नुसती मान वळवली. एक तर माझ्या पायाशीच होता, त्याचे डोळे चिकटून बंद झाले होते. फॅनचा आवाज आला तिकडे तोंड करून तो बसून राहिला.

मला फार वाईट वाटलं. हे वाक्य नंतर खोडायचं.

१२ फेब्रुवारी

गाडी आली, दोन्ही शेडमधले पक्षी गेले.

धाकटी: सरासरी दोन किलो एकशे ऐंशी. मेले चौसष्ट. मी: एक किलो चारशे तीस. मेले सहाशे बारा. लिहायचं नव्हतं, पण गाडीवाल्याने गावभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं, तेव्हा लपवून उपयोग नाही. पकडणाऱ्यांना धाकटीच्या शेडमध्ये धावून धावून घाम फुटला. माझ्याकडे त्यांनी पक्षी बटाटे उचलावेत तसे उचलले. एक जण म्हणाला, काम सोपं केलंत मालक. बाबा खुर्ची टाकून बाहेर बसले होते. त्यांनी ऐकलं.

जेवताना बाबांनी सांगून टाकलं. दोन्ही शेड धाकटीच्या. तू तिला मदत कर. मदत! मी! बायको ताटाकडे बघत होती. धाकटी म्हणाली, दादाला विचारूनच करीन सगळं. त्या दयेपेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हॅचरी फसवी, तूस हलकं, डॉक्टर आगाऊ, हिवाळा जास्त. आणि बाबांच्या मनात आधीपासून तीच. पण बंद शेड चालवणं म्हणजे पडदे ओढणं नव्हे. महिनाभरात माझ्या दारात उभी राहते की नाही बघा. तेव्हा मी लगेच हो म्हणणार नाही. जरा खेळवणार.

१ मार्च

बंद शेड तिने आठवडाभर धुतली, वाळवली. अडीच हजारच पिल्लं टाकली. आल्या आल्या सेन्सर जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगला. मला काही विचारलं नाही.

बरं झालं. वाट बघतोय.

१९ मार्च

अजून वाट बघतोय.

आज वजनं झाली. तिच्या उघड्या शेडमध्येसुद्धा या वयाला इतके कधी भरले नव्हते. तूस भुसभुशीत. पक्षी धावतात, पंख फडफडवतात, चक्क मस्ती करतात. बायको तिथे अर्धा अर्धा तास काम करते आणि गुणगुणत बाहेर येते. डॉक्टर दुसऱ्या पोल्ट्रीवाल्यांना घेऊन आले होते शेड दाखवायला. म्हणाले, शेड असावी तर अशी.

हे मी पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगतोय. त्या लोकांनी मला पाणी आणायला सांगितलं.

२४ मार्च, सकाळी ६.००

संधी! धाकटी तिच्या मुलीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीय, संध्याकाळशिवाय येत नाही. दिवसभर बंद शेड माझ्याकडे. बाबांनीच सुचवलं म्हणे. आज दाखवतो. बेत ठरलाय. फॅनच्या वेळा बदलायच्या, उजेड कमी करायचा, थोडी ऊब वाढवायची, अगदी थोडी. संध्याकाळपर्यंत फरक डोळ्यांत भरला पाहिजे.

सकाळी ६.२५

कंट्रोलरच्या पेटीला कुलूप. किल्ली ती घेऊन गेलीय.

संध्याकाळी ६.१५

दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसलो. पाच वेळा आत फेरी मारली, हात पाठीमागे बांधून. फॅन आपापले चालू झाले, आपापले बंद झाले. पाणी आलं, खाद्य आलं. मी काहीही केलं नाही. एकही पक्षी मेला नाही.

बाबा काठी टेकत आले. आत जाऊन सावकाश सगळीकडे बघितलं, एका पक्ष्याचे पाय तपासले, मग बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बघ, मन लावलंस की जमतं तुला.

असं ते मला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. कुलुपाचं मी काही बोललो नाही.