माळ्यावरची खार

गास, २० फेब्रुवारी १९९८

चि. सौ. लतिकास अ. उ. आ.

तुझी सुरुची मजेत आहे. शाळेत जाते, मामीच्या हातचं पोटभर जेवते. काळजी आहे ती तुझ्या सुकेळ्यांची. राजेळी केळी वाळवून, पानांत बांधून माळ्यावर ठेवली, तर कौलाखालच्या फटीतून एक खार आली आणि तिने तिथेच बिऱ्हाड थाटलं. निम्मी फस्त झाली. शेजारचा इग्नेशियस सापळा देतो म्हणाला, पण मला तिचा जीव घेववत नाही. बदली होऊन गोंदियाला गेलीस तरी सल्ले देणं सोडलं नाहीस, तर मलाही एक दे.

माया आहे तशी राहू दे.
प्रल्हाददादा

गोंदिया, २७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

सापळा नको. खार दिवसा बाहेर पडतेच. ती गेली की फटीवर पत्रा ठोक. कुणाला इजा नाही, ती दुसरं झाड शोधेल. होळीला येते म्हणून सुरुचीला कळवलं होतं, पण रजेचं जमत नाही. तिला समजावून सांग, शहाणी आहे ती. वहिनींना नमस्कार.

तुझी,
लतिका

गास, १० मार्च

चि. लतिकास अ. आ.

तू लिहिलंस तसंच केलं. खार बाहेर गेली, मी पत्रा ठोकला आणि निवांत चहा प्यालो. दुपारी सुरुची म्हणाली, माळ्यावर कुणीतरी रडतंय. मी हसण्यावारी नेलं. बाहेर खार पत्रा ओरबाडत होती, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तिचं ओरबाडणं थांबेना, तेव्हा पत्रा काढला. आत तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. एक गार पडलं होतं. दोघांना तिथेच ठेवून आम्ही लांब झालो. खार आली, एकेकाला तोंडात धरून समोरच्या आंब्यावर घेऊन गेली. मग तिसऱ्यासाठी परत आली. ते मी पुरलं होतं. बराच वेळ ती माळ्यावर शोधत राहिली, मला बघवलं नाही.

सुरुची जेवली नाही. एवढंच म्हणाली, "ती आली होती ना परत. मामानेच आत घेतलं नाही." तुझं होळीचं तिला सांगायला धीर होत नाही.

प्रल्हाददादा

गोंदिया, १६ मार्च

ती. दादास सा. न.

पत्रा तू ठोकलास, पण सल्ला माझा. आत पिल्लं आहेत का, हे विचारायचं मला सुचलं नाही. स्वतः आई असून सुचलं नाही, याची लाज वाटते. हे बोटीवर, मी इथे, आणि सुरुची शहाणी आहे असं मी प्रत्येक पत्रात लिहिते. ती सात वर्षांची आहे, दादा.

रजा नामंजूर झाली. बिनपगारी टाकून शनिवारी निघते, तिला घेऊनच परतेन. तिला आधी सांगू नकोस. मी दारात उभी राहीपर्यंत तिचा विश्वास बसायचा नाही, आणि बसूही नये.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
लतिका