राखेवरची खूण

नवी सरजोमटोली, खुंटीजवळ
१४ फेब्रुवारी

प्रिय पेरो,

तुझं पत्र मिळालं. चहाच्या मळ्यातली थंडी ओसरली असेल. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात. शेळी व्यायली, दोन्ही पिल्लं काळी आहेत. पत्रात आधी खुशाली लिहावी असं मिशनच्या शाळेत सिस्टर शिकवायच्या, म्हणून लिहिली.

आईचं क्रियाकर्म सगळं रीतीप्रमाणे झालं. तू आली नाहीस म्हणून कुणी नाव ठेवलं नाही.

खाणीसाठी आपलं गाव मोजलं, त्या दिवसाचं तिचं रूप मला आठवतं. पूर्वजांच्या दगडावर बसून राहिली होती. साहेब म्हणाले, "आजी, दगड काय सगळ्याच रानात असतात." ती म्हणाली, "मग तुझा आजा कुठल्या दगडाखाली आहे, दाखव." साहेबही हसले. मग तिला उचलून बाजूला ठेवलं. त्यानंतर ती मावशीच्या ओसरीवर राहिली, खाणवाल्यांनी दिलेल्या या वसाहतीत पाऊल टाकलं नाही.

तू विचारलंस, आईची सावली घरी आली का?

क्रियाकर्माच्या संध्याकाळी, ती आली तर पाऊल उमटावं म्हणून राख पसरली. पूर्वजांची आतली खोली इथे नाही, म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याखाली पसरली. दुले काका नांगराचा फाळ आणि विळा वाजवत, तिच्या सावलीला हाका मारत मसणवटीतून आले. मी आतून दार लावून बसले होते.

"काय आणलंत?" मी रीतीप्रमाणे विचारलं.

"तुमचंच माणूस आणलंय. उघडा."

मागून नागी काकू म्हणाली, "लोखंडी दार बघून म्हातारी बिचकायची. जन्मात कधी कडी लावली नाही तिनं." सगळे हसले. मीही हसले.

दिवा धरून पाहिलं. राखेवर पाऊल नाही, मुंगीचा मागही नाही.

काका राखेपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "चुकलंच आपलं. इथं ती पाणीसुद्धा प्यायली नाही, तिला हे दार कसं ठाऊक असणार? जुन्या घरी बोलवायला हवं होतं."

सकाळी काका आणि मी जुन्या गावी गेलो. खाणीच्या फाटकावर रखवालदार होता.

"काकी, आत सोडलं तर माझी नोकरी जाईल," तो मला म्हणाला.

"कुणाचा रे तू?" काकांनी विचारलं.

"तमाडकडचा. आपलाच."

"आपला म्हणे. मग हात जोडून उभा राहा, आमची म्हातारी आत आहे."

तो खरंच उभा राहिला. फाटक मात्र उघडलं नाही.

मी तारेतून पाहिलं. सगळीकडे मातीचे ढिगारे. आपलं अंगण कुठे होतं ते मला सांगता येईना, पेरो. मी जन्मले त्या घरात. काकांनी तारेबाहेरूनच फाळ वाजवला. यंत्रांच्या आवाजात तो मला शेजारी उभं राहूनही ऐकू आला नाही.

ओट्याखालची राख मी झाडलेली नाही. स्वयंपाक बाहेर करते. रोज संध्याकाळी दार उघडं ठेवते, शेळी तेवढी डोकावते.

सुट्टी मिळाली तर ये. पत्ता तू नीट लिहितेस. तुझं पत्र या दारापर्यंत आलं, आणखी कुणी आलं नाही.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी ताई