पत्रिकेतली जन्मतारीख

५ नोव्हेंबर, देवास

सकाळी ६०० मीटर x ३. १:३५, १:३७, १:४१. तिसऱ्यात पाय शिशाचे. कोच सर म्हणाले, "क्या हुआ चैंपियन, सो रही है क्या?" रेखाने तिन्ही १:३८ला मारले, एक सेकंद इकडे नाही की तिकडे. बागलीची पोरगी. चार वर्षं एका खोलीत राहतो, चार वर्षं ८००ला माझ्यामागे दुसरी येते, आणि तरी सकाळचा चहा तीच करते. तिच्या जागी मी असते तर चहात मीठ घातलं असतं.

ऑफिसात दिवसभर फायलींवर नंबर टाकले. साहेब आल्यागेल्याला मला दाखवतात, "हमारी नेशनल वाली." मग मी उठून नमस्ते करते आणि परत फाईल.

संध्याकाळी आईचा फोन धारहून. तुळशीचं लग्न झालं की स्थळं बघायची. म्हटलं, राज्य स्पर्धा आहे. "ती तर दरवर्षीच असते."

९ नोव्हेंबर

आईने न विचारता माझी पत्रिका समाजाच्या ग्रुपवर टाकली. वर गळ्यात मेडल घातलेला फोटो, खाली जन्मतारीख, वेळ पहाटे ४ वा. १२ मि., धार. सगळं खरं. म्हणजे मी पंचवीसची.

शाळा, नोकरी, स्पर्धा, सगळ्या कागदांवर मी तेवीसची आहे. शाळेत नाव घालताना बाबांनी दोन वर्षं कमी लावली, पुढे नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतील म्हणून. एवढ्याशा मुलीच्या रिटायरमेंटची काळजी! स्वतः मास्तर, त्यामुळे फॉर्मही त्यांनीच भरला. आमच्या गल्लीत निम्म्यांचं असंच आहे, कुणाला त्यात काही वाटत नाही.

आईला फोन केला, काढ ते आधी. म्हणाली, "पत्रिकेत खोटं लिहू? गुण कसे जुळतील मग?"

१० नोव्हेंबर

झोप नीट नाही. टेकडीच्या चढावर सहा फेऱ्या, दम लागेपर्यंत, तरी डोक्यातून जात नाही.

इथे तरी सरळ लिहिते. ज्युनियर नॅशनलचं ८००चं सोनं मला मिळालं तेव्हा कागदावर मी एकोणीसची होते, खरी एकवीसची. ती शर्यत विशीच्या आतल्यांची. रेखा तेव्हा खरीच अठराची, चांदी. सोन्यावर मला नोकरी लागली. चांदीवर तिला काही नाही, खाजगी शाळेत मुलांना कवायत शिकवते, तीही वर्षावर्षाच्या बोलीवर. जाण्याआधी सरांनी विचारलं होतं, "कागज सब सही है ना?" मी हो म्हटलं होतं. बाबांनी नाही, मी.

१६ नोव्हेंबर, धार

बघण्याचा कार्यक्रम. देवासचे लोक, मुलगा निखिल, कारखान्यात इंजिनियर. बिचारा बरा आहे. "सकाळी किती वाजता उठता?" विचारलं. साडेचार म्हटल्यावर पुढचा प्रश्नच विसरला.

सोबत त्याचे मामा. बघितलं आणि ओळखलं. रिटायर्ड क्रीडाशिक्षक, आमच्या स्पर्धांना फिनिशजवळ घड्याळ घेऊन उभे असतात. पोहे खाता खाता म्हणाले, "पेपरात तर तेवीस छापलं होतं. पत्रिकेत पंचवीस कसं?" अगदी सहज.

आईला वाटलं, पत्रिका बनावट आहे असा संशय घेतायत. लाल झाली. "आमच्याकडे पत्रिकेत मिनिटाचा फरक सापडायचा नाही हो!" आणि बाबा तर आत जाऊन आजोबांच्या हातचं मूळ टिपणच घेऊन आले. वर शाळेची गोष्ट रंगवून सांगितली, दोन वर्षं कशी कमी लावली, कशी दूरदृष्टी. मी बाबांकडे बघत होते, ते माझ्याकडे नाही. मुलाच्या आईचं समाधान झालं. "पत्रिका खरी ना, मग झालं. आम्ही त्याशिवाय पाऊल उचलत नाही."

मामांनी टिपण वाचलं, चष्मा पुसला आणि आणखी पोहे मागितले.

१८ नोव्हेंबर, देवास

होकार आला. छत्तीसपैकी सव्वीस गुण. आई रडली फोनवर, आनंदाने.

दुपारी मामा ऑफिसात. साहेबांसमोरच डोक्यावर हात ठेवला. मग बाहेर व्हरांड्यात, "चिंता मत कर बेटा. अब घर की बात है, घर में ही रहेगी." वाईट माणूस नाहीत. धमकी नाही, आवाज नाही, जाताना शेवेचं पाकीट दिलं. मी नाही म्हटलं तर ही घरातली गोष्ट राहणार नाही, एवढं मात्र कळलं. की त्यांच्या मनात तसं नव्हतंच? विचारायचं कुणाला.

निखिलला नाही म्हणायला मला कारणही नाही. पण होही माझं नाही. माझी नोकरी, माझं लग्न, सगळं जन्मतारखेच्या त्या एका रकान्यावर उभं आहे आणि मला कुठूनही बाहेर पडता येत नाही. राग येतो. बाबांचा येतो, मग माझाच येतो.

शेव रेखाला दिली. "किसने दी?" "सासरच्यांनी." हसली. तिला मराठी सगळं कळतं.

२४ नोव्हेंबर

राज्य स्पर्धा, ८०० फायनल. पहिली फेरी ६२. दुसऱ्या फेरीला मी पुढे, रेखा खांद्याशी, तिचा श्वास ऐकू येत होता. शेवटच्या पन्नासात मी सोडलं. पायात होतं, तरी सोडलं. ती पहिली, मी दुसरी. वाटलं होतं हलकं वाटेल. फिनिशला मामा होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

रेखा मिठी मारायला आलीच नाही. चेंजिंग रूममध्ये दार लावून म्हणाली, "तूने छोड़ा ना? भीख दी?"

नाही म्हटलं. मग सगळंच सांगितलं. शाळेचा फॉर्म, ज्युनियरचं सोनं, सर, मामा. ती स्पाइक्सच्या नाड्या सोडत होती, एक सोडायला किती वेळ लागला. शेवटी म्हणाली, "चार साल से मैं सोच रही थी कि मेरे में ही कुछ कमी है."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

२६ नोव्हेंबर

रेखा बोलत नाही. चहा ठेवते, एकच कप.

मी म्हटलं, मेडल धारला आहे, आणून देते. "मेडल का क्या करूँगी? लिख के दे. एथलेटिक्स संघ को. तेरे हाथ से."

म्हटलं, माझी नोकरी जाईल ग. बाबांनाही विचारतील.

"हाँ. जाएगी," म्हणाली, आणि ट्रॅकवर निघून गेली. मीही गेले मागून. सरांनी दोघींना एकत्र ४०० x ६ दिले. पळताना तरी आम्ही बरोबर होतो.

३ डिसेंबर

संघाला अर्ज लिहिला, फाडला. तीनदा. प्रत्येक वेळी बाबांचं नाव आलं की हात थांबतो. 'वडिलांनी' लिहू की 'मी'? ऑफिसात साहेब म्हणाले, "शादी है, छुट्टी जितनी चाहो ले लो." एरवी कँपला चार दिवस देताना जीव जातो यांचा.

रविवारी लग्नाची तारीख काढायला मामा आणि मंडळी धारला येणार. रेखाने सोमवारपर्यंत थांबते म्हटलंय. मग काय करणार, ते बोलली नाही. बहुतेक काहीच करणार नाही, आणि तेच मला जास्त लागेल.

७ डिसेंबर, धार

बसमध्ये इंदूरपर्यंत उभी. अर्ज लिहून झालाय, एक पान, हिंदीत. 'वडिलांनी' नाही, 'मला ठाऊक होतं' असं लिहिलंय. सहीसुद्धा केली.

आल्या आल्या बाबांच्या हातात दिला. वाटलं, ओरडतील तर बरं. त्यांनी उभ्यानेच वाचला, मग खिडकीशी जाऊन पुन्हा वाचला. एके ठिकाणी मात्रा राहिली होती, ती पेनाने दिली. मग घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. म्हणाले, "पाहुणे येऊन जाऊ देत. मग बोलू." मी हात पुढे केला. ते म्हणाले, "आता नको, बाळ." आयुष्यात पहिल्यांदा बाबा म्हातारे दिसले, आणि मला त्यांची दया आली, रागही आला.

बाहेर गाडी थांबली आत्ताच. मामांचा आवाज, आईचं "या, या". बाबा पुढे गेले, खिशावर हात ठेवून. आई दोनदा हाक मारून गेली, साडी नेस म्हणून.

दार लावलंय. दुसरा कागद घेतला आहे. पहिल्या चार ओळी तोंडपाठ आहेत.